डॅलसच्या काळ्या मातीत बिअर्डेड आयरिस: निचरा, वाफसा आणि कंदकूज

डॅलस, प्लेनो, फ्रिस्को या भागात घर घेतलं आणि मागच्या अंगणात पहिल्यांदा कुदळ मारली की अनेकांना विदर्भ-मराठवाड्यातलं शेत आठवतं. त्याला कारण आहे. टेक्सासच्या ब्लॅकलँड पट्ट्यातली माती आणि आपली कापसाची काळी माती मृदाशास्त्रात एकाच गटात मोडतात: व्हर्टिसॉल. पाणी मिळालं की फुगते, वाळली की भेगाळते, पावसात चपलेला चिकटते आणि ऑगस्टात कुदळ परतवते. कसदार म्हणाल तर आहेच, पण पाणी धरून ठेवणं हा तिचा स्वभाव आहे.

बिअर्डेड आयरिस, म्हणजे कंदापासून वाढणारं एक फुलझाड, तिचे पूर्वज भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचे. तिला ऊन चालतं, थंडी चालते, चुनखडीची जमीनही चालते. चालत नाही ती एकच गोष्ट, कंदाभोवती साचलेलं पाणी. म्हणून या मातीत आयरिस लावायची तर खत, औषध आणि जात या सगळ्यांच्या आधी निचऱ्याचा विचार करावा लागतो. तो जमला की बाकीच्या चुका झाड पोटात घालतं.

मुंबई-पुण्याकडे ही आयरिस पानं धरेल, पण फुलायला जी थंडी लागते ती तिथे पडत नाही. उत्तर टेक्सासच्या हिवाळ्यात ती पुरेशी मिळते. इथे फुलांचा हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिल अखेरपर्यंत.

जागा

दिवसाचं किमान सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. लाइव्ह ओकच्या सावलीत पानं हिरवीगार दिसतील, फूल येणार नाही.

या भागातली एक खास अडचण आधीच लक्षात घ्या. माती आकसली की घराचा पाया हलतो, म्हणून उन्हाळ्यात पायाच्या कडेने सोकर होज, म्हणजे पाणी पाझरणारी नळी, टाकून पाणी द्यायची इथे पद्धत आहे. त्या नळीच्या शेजारी आयरिस लावली की ऐन उन्हाळ्यात, कंद विश्रांतीत असताना, त्याच्या बुडाशी सतत ओल राहते आणि तो कुजतो. वाफा पायापासून चार-पाच फूट दूर धरा. भिंतीला टेकवून उंच वाफा करणं तर टाळाच. विटांच्या तळाशी हवेसाठी ठेवलेली भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी घराकडे वळतं. लॉनच्या स्प्रिंकलरचा फवारा वाफ्यावर येत असेल तर तो नोझल फिरवून घ्या किंवा बंद करा. सेंट ऑगस्टीन गवताला जेवढं पाणी लागतं तेवढं आयरिसला मारक ठरतं.

खणण्याआधी किमान दोन कामाचे दिवस ८११ ला फोन करा. गॅस, वीज, इंटरनेटच्या वाहिन्या कुठून जातात ते फुकट खुणा करून दाखवतात. नव्या वसाहतींत केबल कधीकधी काही इंचांवरच असते.

माती तपासणं

निचऱ्याची चाचणी सोपी आहे, पण भेगाळलेल्या मातीत ती हमखास फसवते. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या आणि पाण्याने भरा. उन्हाळ्यात हे पाणी दहा मिनिटांत गायब होईल आणि निचरा छान आहे असं वाटेल. प्रत्यक्षात पाणी भेगांतून पळालेलं असतं. खड्डा पुन्हा भरा आणि रात्रभर राहू द्या, म्हणजे माती फुगून भेगा मिटतील. दुसऱ्या दिवशी परत भरा, आत एक पट्टी उभी करा आणि तासातासाने पातळी बघा. तासाला एक इंच किंवा जास्त उतरलं तर जमीन कामाची. ब्लॅकलँड मातीत बहुतेक ठिकाणी ते त्याहून पुष्कळ कमी उतरतं. मग गादीवाफ्याला, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफ्याला, पर्याय नाही.

दुसरी चाचणी व्हिनेगरची. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वर थोडं साधं पांढरं व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे. अशा मातीचा सामू (पीएच) बहुधा साडेसातच्या वर असतो आणि गंधक घालून तो खाली आणायचा खटाटोप व्यर्थ आहे, कारण टाकलेलं सगळं गंधक त्या चुन्याशी झगडण्यात संपतं. आयरिसला ६.८ च्या आसपासचा सामू सर्वात मानवतो, तरी थोड्या विम्ल (अल्कलाइन) जमिनीत ती चांगली येते. तेव्हा सामूच्या मागे लागू नका.

खत घालण्याआधी मात्र प्रयोगशाळेची तपासणी करून घ्या. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची माती प्रयोगशाळा कॉलेज स्टेशनला आहे आणि टपालाने नमुना घेते. वाफ्याच्या जागेत दहा-बारा ठिकाणची सहा इंचांपर्यंतची माती स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली साधारण दोन कप पाठवा. जुन्या लॉनच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) बऱ्याचदा भरपूर निघतं. तसं असेल तर हाडांचं खत किंवा सुपर फॉस्फेट विकत घ्यायचं कारण उरत नाही.

आता काय घालू नये ते. पहिली वाळू. चिकण मातीत थोडी वाळू मिसळली तर तिच्या कणांमधल्या जागा चिकणमाती भरून काढते आणि वाळल्यावर कुदळ लागत नाही इतकी घट्ट होते. जिप्सम खारवट, सोडियमवाल्या जमिनीसाठी आहे. इथल्या मातीत कॅल्शियम आधीच मुबलक असल्याने त्याचा उपयोग होत नाही. चुना आणि चुलीची किंवा बार्बेक्यूची राख तर अजिबात नको. झाडाला राख घालायची सवय आपल्याकडे पक्की आहे, पण तिने सामू आणखी चढतो. अर्धवट कुजलेलं शेणखतही नको. त्यातल्या नत्राने पानं माजतात, कंद मऊ पडतो आणि मऊ कंदात कूज सहज शिरते.

गादीवाफा

लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात करायची असेल तर वाफा ऑगस्टच्या अखेरीस तयार ठेवा. मधल्या दोन-चार आठवड्यांत माती बसते. ताज्या भुसभुशीत वाफ्यात लावलेले कंद माती बसताना खाली जातात नाहीतर कलंडतात.

चार फूट बाय आठ फूट, म्हणजे ३२ चौरस फुटांच्या वाफ्याचा हिशेब असा. एक्स्पांडेड शेल तीन इंच थर, म्हणजे आठ घनफूट. चांगलं कुजलेलं, पालापाचोळ्याचं कंपोस्ट दोन इंच, म्हणजे साधारण साडेपाच घनफूट. एक्स्पांडेड शेल म्हणजे भट्टीत भाजून फुगवलेला शेल दगडाचा चुरा. त्याच्या कणांना आतून बारीक छिद्रं असतात. कंपोस्ट दोन वर्षांत जिरून जातं, शेल मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि मातीत हवा खेळती ठेवतं. चिकण मातीसाठी टेक्सास ए अँड एमचा कृषी विस्तार विभाग त्याचीच शिफारस करतो. उत्तर टेक्सासच्या बहुतेक नर्सऱ्यांत ते पोत्याने मिळतं. खर्चाचा हात आखडायचाच असेल तर कंपोस्ट एक इंच कमी करा, शेल कमी करू नका.

काम सुरू करायचा दिवस माती ठरवते. ओल्या मातीत टिलर (माती उकरायचं यंत्र) फिरवला तर अशी ढेकळं होतात की ती अख्खा हंगाम फुटत नाहीत. कोरडी असेल तर टिलर वरच्या वर उड्या मारतो. वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी अशी कामाजोगी स्थिती, ओळखायचा तो असा: चार इंच खालची मूठभर माती घेऊन दाबा आणि अंगठ्याने टोचा. गोळा भुगा होऊन सुटला तर वाफसा आहे. अंगठ्याचा चकचकीत ठसा उमटला तर दोन-तीन दिवस थांबा. गोळाच झाला नाही तर सावकाश इंचभर पाणी द्या आणि तीन ते पाच दिवसांनी पुन्हा बघा. चांगल्या पावसानंतर या मातीला वाफशावर यायला आठवडाही लागतो. घाईने केलेला वाफा पुढची तीन वर्षं त्रास देतो, हे ध्यानात ठेवून थांबा.

गवत मुळासकट काढा, विशेषतः बर्म्युडा. तिचा एक तुकडा राहिला तरी तो कंदांच्या गुंत्यात शिरतो आणि मग कंद न उपटता काढता येत नाही. सहा ते आठ इंच माती सैल करा. वर आधी शेल, मग कंपोस्ट पसरा आणि सगळं एकजीव करा. थर तसेच ठेवू नका, दोन वेगळ्या पोतांच्या मातीच्या सांध्यावर पाणी अडतं. याच कारणाने चिकण मातीत खड्डा खणून त्यात पिशवीतली तयार माती भरणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. भोवतालची माती पाणी घेत नाही, मग सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरून साचतं आणि कंद त्यात बसलेला असतो.

मिसळून झाल्यावर वाफा आपोआप पाच-सहा इंच उंच होतो. मध्यभाग कडांपेक्षा दोन इंच उंच ठेवा, म्हणजे पाणी बाजूला ओघळेल. कडेला लाकूड किंवा दगड लावत असाल तर पाणी बाहेर जायला फटी राहू द्या.

लागवड

कंद घेताना तो दाबून बघा. हळदीच्या जेठ्या गड्ड्यासारखा टणक हवा. बोट रुतलं किंवा कुबट वास आला तर घेऊ नका. स्थानिक आयरिस सोसायट्या उन्हाळ्याच्या शेवटी कंद विकतात. तिथे याच मातीत वाढलेले कंद मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून कॅटलॉगआधी तिथे चौकशी करा. आणलेले कंद लगेच लावता आले नाहीत तर कागदी पिशवीत, कोरड्या सावलीत दोन-तीन आठवडे सहज राहतात. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका आणि स्वयंपाकघरात ठेवू नका. दिसायला आल्यासारखे असले तरी ते विषारी आहेत, माणसांना आणि कुत्र्या-मांजरांनाही. चिकाने काहींच्या हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला.

पहिल्यांदाच लावत असाल तर जुन्या टेक्सासी घरांच्या आणि दफनभूमींच्या कडेला दिसणारी पांढरी आयरिस अल्बिकन्स कुणाकडून मिळते का बघा. ती बुटकी आहे, पण देखभालीशिवायही वर्षानुवर्षं तग धरते. मोठ्या फुलांच्या जातींत ‘इमॉर्टॅलिटी’ ही पांढरी जात वसंतात आणि पुन्हा शरदात फुलते. गडद जांभळ्यात ‘डस्की चॅलेंजर’ भरवशाची.

पानांचा पंखा सहा इंचांवर कापा. दहा-बारा इंच रुंद, चार-पाच इंच खोल खड्डा घ्या आणि त्याच्या मधोमध मातीचा छोटा वरंबा करा. कंद वरंब्यावर आडवा ठेवा, मुळं दोन्ही उतारांवरून खाली सोडा, माती भरून तळहाताने घट्ट दाबा. दाबताना हयगय नको, मुळांभोवती पोकळी राहिली तर त्यात पाणी जमतं. कंदाची पाठ जमिनीच्या पातळीला, डोळ्यांना दिसेल अशी राहायला हवी. दुपारनंतरचं कडक ऊन थेट पडणाऱ्या जागी फार तर अर्धा इंच मोकळं मिश्रण वर पसरा, पण ती चिकण माती नको. पानं उत्तरेला आणि कंदाचं उघडं टोक दक्षिणेला ठेवलं तर कंदावर स्वतःच्याच पानांची सावली पडत नाही. दोन कंदांत दीड फूट अंतर. चार बाय आठच्या वाफ्यात दहा ते बारा कंद बसतात.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या. पुढचे तीन-चार आठवडे पाऊस नसेल तर पाच-सात दिवसांनी, तेही वरची दोन इंच माती सुकली असेल तरच. पंख्याच्या मधून नवं पान निघालं की मुळांनी जीव धरला असं समजा. त्यानंतर पाण्याची काळजी सोडा. लाकडाचा भुसा किंवा सालींचं आच्छादन कंदावर घालू नका. बाकीच्या बागेला ते हवंच, आयरिसच्या वाफ्यात मात्र ते ओल धरून ठेवतं.

पुढचं वर्ष

इथे हिवाळ्यातही पानं बहुतेक हिरवी राहतात. फेब्रुवारीच्या मध्यावर वाळलेली पानं ओढून काढा आणि तपासणीत स्फुरद कमी आलं असेल तर प्रत्येक गड्ड्याभोवती पाव कप ५-१०-१० (नत्र-स्फुरद-पालाशाचं प्रमाण) खत टाका. खत कंदावर नाही, सहा इंच लांब, मुळांवर पडलं पाहिजे. फुलं संपल्यावर महिन्याभराने तेवढंच पुन्हा. लॉनचं जादा नत्राचं खत आणि तणनाशक मिसळलेलं खत वाफ्यात उडू देऊ नका.

फुलं ओसरली की दांडा बुडाशी मोडा. हिरवी पानं मात्र कापू नका, पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी तीच भरतात. नुसती करपलेली टोकं छाटा.

जुलै-ऑगस्टात झाड मरगळल्यासारखं दिसेल, ते साहजिक आहे. या काळात पाणी द्यायचं ते झाडापेक्षा मातीसाठी: दोन-तीन आठवड्यांतून एकदा, सकाळी, सावकाश, म्हणजे वाफ्यात भेगा रुंदावून मुळं तुटत नाहीत. पडलेल्या भेगांत शेल आणि कंपोस्टचं मिश्रण भरत चला. काही वर्षांत वाफ्याचा पोत त्यानेच सुधारतो.

पानं पिवळी आणि शिरांच्या हिरव्या रेघा तशाच दिसल्या तर ती लोहाची उणीव आहे. नुसतं आयर्न सल्फेट या मातीत लगेच निकामी होतं. लेबलवर ईडीडीएचए लिहिलेलं चिलेटेड लोह घ्या. ईडीटीए प्रकार इतक्या सामूला टिकत नाही.

या मातीबद्दल एक दिलासा: ब्लॅकलँडमध्ये गुलाबापासून फळझाडांपर्यंत कित्येकांना मारणारी कॉटन रूट रॉट ही बुरशी आयरिसला काही करत नाही, कारण एकदल वनस्पतींना तिची बाधा होत नाही. त्या बुरशीने झुडूप मेलेल्या जागी आयरिस निर्धास्त लावता येते.

कंदकूज

मे हा डॅलसचा सर्वात पावसाळी महिना, आणि कंदकूज तेव्हाच दिसते. आधी एखादा पंखा बाहेरून पिवळा पडतो. मग हलकेच ओढला तर बुडापासून सुटून हातात येतो आणि असह्य दुर्गंधी येते. कंदाच्या आत लगदा झालेला असतो. हा जिवाणूंचा रोग आहे. जखमेतून आत शिरतो आणि ओल, उष्णता व जादा नत्र मिळालं की झपाट्याने पसरतो.

कंद उपटायची गरज बहुधा पडत नाही. भोवतालची माती बाजूला करा, जुन्या चमच्याने सगळा लगदा खरवडून पांढरा टणक गर लागेपर्यंत साफ करा. थोडाही मऊ भाग ठेवू नका. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचं द्रावण त्यावर ओता आणि जखम तीन-चार दिवस उन्हात उघडी राहू द्या. चमचा आणि सुरी दर कापाला त्याच द्रावणात बुडवा. गड्ड्याचा बराच भाग गेला असेल तर सगळा उचला, निरोगी तुकडे दहा मिनिटं द्रावणात ठेवा, सावलीत आठवडाभर सुकवा आणि दुसऱ्या जागी लावा. कुजका भाग कंपोस्टात नाही, कचऱ्यात.

वास नसेल, पण बुडाशी पांढरे धागे आणि मोहरीएवढ्या तपकिरी गोळ्या दिसल्या तर ती वेगळी बुरशी आहे. तिच्या गोळ्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. झाडाबरोबर भोवतालची सहा इंच मातीही काढून टाका.

पानांवर तपकिरी ठिपके, म्हणजे करपा, ओल्या वसंतात येतोच. ठिपक्यांची पानं कापून कचऱ्यात टाका, वरून पाणी मारणं थांबवा. एवढं बहुतेकदा पुरतं.

न्यू जर्सी, शिकागो किंवा बोस्टनकडच्या वाचकांनी दोन गोष्टी बदलाव्यात. तिकडे लागवड जुलै अखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, कारण कडाक्याच्या थंडीआधी मुळं धरायला सहा आठवडे मिळायला हवेत. आणि तिकडे आयरिस बोरर ही अळी आहे, जिचा उपद्रव उत्तर टेक्सासमध्ये सहसा होत नाही. तिची अंडी जुन्या पानांवर हिवाळा काढतात, म्हणून कडक थंडी पडल्यावर सगळी वाळकी पानं उचलणं हाच मुख्य उपाय. वसंतात पानाच्या कडेला कुरतडल्याच्या खुणा किंवा ओलसर रेघा दिसल्या तर पान चिमटीत धरून अळी जागीच चिरडा. जुलैपर्यंत ती कंदात पोचते आणि तिच्यामागे कूज येते. पूर्वेकडची चिकण माती बऱ्याचदा आम्ल असते, तिथे मात्र चुना लागू शकतो. किती, ते तपासणीच्या अहवालावरूनच ठरवा.

फूल थांबलं तर

प्रत्येक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. पुढची फुलं त्याच्या बगलेतून फुटलेल्या पिल्लांना येतात. तीन-चार वर्षांत पिल्लांची इतकी दाटी होते की फुलं कमी होत जातात. म्हणून दर तीन-चार वर्षांनी सप्टेंबरात गड्डा उचला, मधला जुना जेठा कंद टाकून द्या आणि कडेचे एक-एक पंख्याचे टणक कंद सुरीने वेगळे करा. काप एक-दोन दिवस सुकू द्या. वाफ्यात इंचभर कंपोस्ट मिसळून त्याच पद्धतीने परत लावा. पहिल्या वसंतात काही कंद फुलत नाहीत, ते चालायचंच. दुसऱ्या वसंतातही कोरडेच राहिले तर कंद किती खोल गेलेत ते बोटाने माती सरकवून बघा. काळ्या मातीत पावसागणिक कडेची माती वाहून कंदावर बसते आणि दोन वर्षांत ते इंच-दीड इंच गाडले जातात. वरची माती हाताने बाजूला सारून कंदाची पाठ पुन्हा उघडी करा, आणि पुढच्या मार्चची वाट बघा.